घरातलं नेट सुधारायचंय? राउटरची खरेदी शेवटी ठेवा

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि मागच्या बेडरूममध्ये मोबाइलवर स्पीड टेस्टचा आकडा येतो ११. मग पहिली खरेदी होते ती सहा अँटेनांच्या नव्या राउटरची. तो जुन्याच जागी, दाराजवळच्या शू-रॅकवर बसतो आणि बेडरूममधला आकडा ११ चा फार तर २० होतो. पैसे गेले, दुखणं तिथंच राहिलं. घरच्या नेटवर्कमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात कच्चा दुवा असतो वायर, त्याखालोखाल राउटरची जागा. राउटर बराच नंतर येतो. खरेदीही त्याच क्रमानं व्हावी.

समजायला एक घर डोळ्यांसमोर ठेवू. हजार-अकराशे चौरस फुटांचा तीन बेडरूमचा फ्लॅट. फायबर मुख्य दारावरून आत येते आणि कंपनीचा डबा, म्हणजे ओएनटी, हॉलच्या कोपऱ्यात आहे. काम करायची खोली थेट मागे. मध्ये विटांच्या दोन भिंती, एक आरसीसी कॉलम आणि टाइल लावलेली बाथरूम. घरात एक डेस्कटॉप, टीव्ही, दोन लॅपटॉप, पाच मोबाइल आणि दोन कॅमेरे.

आधी तीन आकडे लिहून काढा

पहिला आकडा वायरीवरचा. लॅपटॉप लॅन वायरीनं थेट कंपनीच्या डब्याला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. ३०० च्या प्लॅनवर २८० च्या वर दिसलं तर बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. ९३-९४ वर अडकलं तर तो आकडा नीट ओळखून ठेवा, कारण तो फार बोलका आहे. कुठलं तरी पोर्ट, डोंगल किंवा वायर १०० एमबीपीएसवरच चालते आहे, आणि १०० च्या जोडणीतून हातात पडतात ते ९४ च्या आसपास. त्याहून कमी किंवा सतत खाली-वर होणारा आकडा आला तर डब्याच्या सेटिंग पानावर ऑप्टिकल पॉवर बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं जोरदार) असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास असेल तर फायबर कुठेतरी दुमडली आहे किंवा हिरव्या कनेक्टरवर धूळ बसली आहे. हे काम कंपनीचं, तुमच्या खरेदीनं ते सुटणार नाही.

दुसरा आकडा डब्यापासून दोन मीटरवर ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर घ्या (वाय-फायचे नेहमीचे दोन पट्टे म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ). तिसरा मागच्या बेडरूममध्ये.

पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर डब्याचं वाय-फाय खरंच जुनं आहे, नवं उपकरण कामाला येईल. पहिले दोन चांगले आणि तिसराच वाईट, हे सगळ्यात जास्त घरांत दिसतं, आणि इथे दोष अंतराचा व भिंतींचा असतो. जास्त ताकदीचा राउटर इथे का हरतो, हे समजून घेतलं पाहिजे. राउटरनं कितीही मोठ्यानं हाक मारली तरी मोबाइलनं परत ओ द्यावी लागते. मोबाइलचा ट्रान्समीटर लहान असतो आणि तोही त्याच भिंतींतून जायचा असतो. म्हणून कधी कधी रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ कॉल मात्र तुटत राहतो. यावर एकच खरा उपाय, वाय-फाय देणारं उपकरण माणसाच्या जवळ नेणं. आणि ते जवळ नेण्यासाठी वायर हवी.

जाता जाता एक. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोड होताना दिसणारा आकडा बहुतेकदा मेगाबाइटमध्ये. आठनं भागायचं. १०० एमबीपीएसवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट उतरत असतील तर तक्रारीला जागा नाही. ४-के सिनेमाला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला तीन-चार. त्यामुळे अनेक घरांत मोठ्या प्लॅनची गरजच नसते, आहे तोच नीट पोचवायचा असतो.

वायर: इथे काटकसर नको

घरासाठी कॅट-६ घ्या (कॅट म्हणजे लॅन वायरीची प्रत). कॅट-५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, नेते, आणि २०१६ च्या मानकाप्रमाणे २.५ गिगाबिटही. म्हणजे भिंतीत आधीच चांगली कॅट-५ई असेल तर ती उपटू नका. नवी टाकतानाच कॅट-६, कारण किमतीत फरक थोडा आणि ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटची सोय होऊन राहते. कॅट-६ए जाड आणि अवघड असते, फ्लॅटमध्ये तिचं काम नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या चपट्या ‘कॅट-७’ आणि ‘कॅट-८’ वायरींच्या नादी लागू नका. कॅट-७ चं खरं मानक आपल्या नेहमीच्या आरजे-४५ कनेक्टरसाठी बनलेलंच नाही.

खरी फसगत दुसरीकडे होते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्याच्या तपकीर गल्लीत, कॅट-६ म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक शुद्ध तांब्याची, दुसरी सीसीए, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त आहे. कॅमेऱ्याला किंवा ॲक्सेस पॉइंटला (वाय-फाय देणाऱ्या डब्याला) त्याच वायरीतून वीज द्यायची असेल तर व्होल्टेज वाटेतच गळतं, वायर तापते. शिवाय ती ठिसूळ असते. भिंतीतल्या बॉक्समध्ये दोनदा वाकवली की आतून तुटते, वरचं आवरण मात्र अखंड दिसतं. मानकांना सीसीए मान्य नाही, पेटीवर काहीही छापलेलं असो. ओळखायची कशी? एक तार सोलून ब्लेडनं खरवडा. आत चंदेरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची. तांबं तिपटीहून जड असल्यानं पेटी उचलतानाही फरक कळतो. दुकानदाराला ‘प्युअर कॉपर’ असं सांगून मागा, बिलावर तसं लिहून घ्या आणि दुकानातच एक टोक सोलून बघा.

किती लागेल? प्रत्येक जागेपासून वेगळी वायर एकाच ठिकाणी, डब्याजवळ, आणायची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत साखळी करायची नाही. आपल्या फ्लॅटचा हिशेब असा: कामाच्या खोलीत दोन, टीव्हीमागे दोन, पॅसेजच्या छताला एक, कॅमेऱ्यांना दोन. एकूण सात वायरी, सरासरी १२ मीटरच्या, म्हणजे ८४ मीटर. दर टोकाला थोडा ढिला भाग सोडला की १०० मीटरची पेटी पुरते, ३०५ मीटरची लागत नाही. ‘एका खोलीत दोन कशाला’ असा प्रश्न येईल. वायर स्वस्त असते आणि ती ओढायची मजुरी महाग, शिवाय एक बिघडली तर दुसरी हाताशी राहते.

भिंत फोडायच्या आधी जुने पाइप शोधा. बऱ्याच इमारतींत टेलिफोन आणि केबल टीव्हीसाठी पाइप भिंतीतून आधीच गेलेले आहेत आणि आतली वायर वर्षानुवर्षं पडून आहे. तीच तुमची ओढदोरी. जुन्या वायरीच्या टोकाला कॅट-६ ची टोकं एकामागे एक अशी निमुळती बांधा, वर घट्ट टेप गुंडाळा, सोबत एक नायलॉनची दोरी जोडा आणि दोन माणसांनी काम करा. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं मागून सरळ ढकलायचं. हिसके देऊ नका. नायलॉनची दोरी पाइपमध्येच राहू द्या, पुढच्या वायरीला ती कामी येते. जुनी वायर हलतच नसेल तर ती प्लास्टरमध्ये अडकली आहे. तिथे मग भिंतीवरून केसिंग पट्टी. २३० व्होल्टच्या पाइपमधून लॅन वायर कधीही नेऊ नका. इलेक्ट्रिशियन ‘काही होत नाही’ म्हणेल. आतल्या विजेच्या वायरीचं आवरण सोललं गेलं तर तो करंट थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत येऊ शकतो.

भिंतीतली वायर आय-ओ बॉक्समध्येच (भिंतीवरच्या लॅन सॉकेटमध्ये) संपवा आणि तिथून उपकरणापर्यंत कारखान्यात तयार झालेली पॅच कॉर्ड वापरा. भिंतीतल्या वायरीची तार एकसंध असते, ती सतत हलवली की तुटते. पॅच कॉर्डमध्ये बारीक तारांचा पीळ असतो, ती हलण्यासाठीच बनलेली आहे. लॅन वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्यांत. जोडणीचा नेहमीचा क्रम असा: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मध्ये फोडलेली दिसते ना? ती मुद्दाम तशी आहे, कारण तिसरी आणि सहावी पिन ही एक जोडी असते. काही वायरमन सोपं पडतं म्हणून रंग ओळीनं, जोडीला जोडी लावून, दोन्ही टोकांना सारखेच बसवतात. दिव्यांचा स्वस्त टेस्टर अशा वायरीला पास करतो, एक ते आठ दिवे क्रमानं लागतात. पण सिग्नल वेगवेगळ्या पिळांतून गेल्यानं एकमेकांत मिसळतो आणि गिगाबिट टिकत नाही. म्हणून टेस्टरच्या दिव्यांसोबत डोळ्यांनी रंगही तपासा. जोडताना पीळ १३ मिलिमीटरहून जास्त उलगडू नका.

आता ९४ च्या आकड्याचं कोडं सुटेल. १०० एमबीपीएसला आठांपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एक तार जरी नीट बसली नसेल तरी बरीच उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. काम संपल्यावर प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून लिंक स्पीड १००० दिसतो का ते बघा आणि मगच मजुरी चुकती करा. दोन्ही टोकांना नंबरही तेव्हाच लिहून घ्या.

स्विचबद्दल, म्हणजे एका लॅन वायरीच्या अनेक करणाऱ्या डब्याबद्दल, थोडक्यात. पाच किंवा आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच पुरे, सेटिंग करायचा ‘मॅनेज्ड’ नको. खोक्यावर १०/१००/१००० असं लिहिलेलं हवं, नुसतं १०/१०० नको. कॅमेरे किंवा छतावरचा ॲक्सेस पॉइंट वायरीतूनच चालवायचा असेल तर पीओई, म्हणजे लॅन वायरीतूनच वीज देणारा, स्विच घ्या आणि दोन आकडे बघा: एका पोर्टला किती वॉट, आणि सगळ्या पोर्टना मिळून किती. पीओईच्या एएफ मानकात पोर्टमागे १५.४ वॉट मिळतात, एटीमध्ये ३०. कॅमेऱ्यांसाठीचे काही स्वस्त स्विच समोरचं उपकरण न ओळखताच वीज सोडतात, तेवढे टाळा. आणि एकाच वायरीची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचला लागली तर घरातलं सगळं नेट ठप्प होतं. फर्निचर हलवल्यावर नेट अचानक बंद पडलं तर आधी हेच तपासा.

खोक्यावरचे आकडे

राउटरच्या खोक्यावर एएक्स३००० (एएक्स म्हणजे वाय-फाय ६) लिहिलं म्हणजे ३००० एमबीपीएस मिळणार असं नाही. ती बेरीज आहे: २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर २४०२. वाय-फाय ६ चा मोबाइल एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो आणि घरातले बहुतेक मोबाइल दोन अँटेना व ८० मेगाहर्ट्झवर १२०१ ला जोडले जातात. त्यातून हाती पडतात साठ-सत्तर टक्के, तेही त्याच खोलीत. त्यामुळे ३०० ते ५०० च्या प्लॅनला एएक्स१५०० किंवा एएक्स१८०० पुरतो. एक गिगाबिटचा प्लॅन असेल तर एएक्स३००० घ्या. अँटेना किती आहेत ते मोजत बसू नका. लॅन पोर्ट गिगाबिट आहेत का, तेवढं नक्की बघा. एसी१२०० (एसी म्हणजे आधीचं वाय-फाय ५) लिहिलेल्या स्वस्त राउटरांत १०० चे पोर्ट सर्रास असतात, म्हणजे वाय-फाय ८६७ चं आणि त्याला पाणी पाजणारा नळ १०० चा.

वाय-फाय ७ चं प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याची खरी चमक ६ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात आहे. दूरसंचार विभागानं ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये काढला. त्या ५०० मेगाहर्ट्झमध्ये वाय-फाय ७ चं सगळ्यात रुंद, ३२० मेगाहर्ट्झचं चॅनल एकच मावतं. शिवाय ‘वाय-फाय ७’ लिहिलेल्या कितीतरी उपकरणांत ६ गिगाहर्ट्झचा रेडिओच नसतो. ‘ड्युअल बँड’ लिहिलेलं असेल तर बहुधा तो नाहीच. घरातले मोबाइल वाय-फाय ६ चे असतील तर आज वाय-फाय ६ घेऊन उरलेले पैसे वायरीवर घालणं जास्त शहाणपणाचं. नातेवाइकांकडून अमेरिकेतून राउटर मागवण्याचा मोहही आवरा. तिथल्या उपकरणात देशाची सेटिंग सहसा पक्की असते, चॅनल तिथल्या नियमांप्रमाणे चालतात आणि वॉरंटीसाठी इथे कुणी दारात उभं करत नाही.

जागा आणि दुसरा पॉइंट

आपल्या फ्लॅटमध्ये वाय-फाय देणाऱ्या उपकरणाला उत्तम जागा पॅसेजच्या छताची, कारण तिथून तिन्ही खोल्यांना एकेकच भिंत लागते. एवढं एक केलं तरी बऱ्याच घरांना दुसरं उपकरण लागत नाही. टीव्हीच्या मागची जागा, लोखंडी कपाटाचा माथा, फ्रिज, आरसा, मासे पाळायची टाकी, बाथरूमची भिंत, हे सगळं टाळा. धातू आणि पाणी लहरी अडवतात.

घर लांबट असेल किंवा दोन मजल्यांचं असेल तर दोन पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारी दोन उपकरणं, हवेत. इथे मेश (एकच नेटवर्क म्हणून मिळून चालणाऱ्या डब्यांचा संच) घेतात, आणि ते उत्तमही चालतं, फक्त दोन्ही डबे वायरीनं जोडलेले हवेत. बिनतारी जोडलेला ड्युअल बँड मेश एकाच रेडिओवर मोबाइलशीही बोलतो आणि पहिल्या डब्याशीही, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. वायर टाकणं अशक्यच असेल, भाड्याचं घर असेल, तर दुसरा डबा नेट न पोचणाऱ्या खोलीत ठेवू नका. पहिल्या डब्याची रेंज चांगली मिळते अशा मधल्या जागी ठेवा. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे देणार काय? मोबाइलवर सिग्नल दाखवणारं मोफत ॲप घेऊन मोजा. उणे ६५ डीबीएमपर्यंत चांगलं, उणे ७५ च्या पुढे त्रास सुरू.

दोन्ही पॉइंटना नाव आणि पासवर्ड एकच द्या. कुठल्या पॉइंटला चिकटायचं हे मोबाइल ठरवतो, म्हणून ते फार ताकदीचे ठेवले तर मोबाइल लांबच्यालाच धरून बसतो. पॉवर ‘मिडियम’ करून बघा. वेगळ्या वायर्ड पॉइंटना २.४ वर १, ६ किंवा ११ यांतली वेगवेगळी चॅनल द्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. सोसायटीत शेजाऱ्यांचे वीस-वीस राउटर दिसत असताना ४० ठेवली तर सगळ्यांचंच बिघडतं. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ, एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९. ५२ ते १४४ मधली चॅनल रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. रडारची चाहूल लागली की राउटर ते चॅनल सोडतो, आणि नेट मिनिटभर गायब होऊ शकतं. स्मार्ट प्लग आणि स्वस्त कॅमेरे बहुधा २.४ वरच चालतात, म्हणून तो पट्टा बंद करू नका, आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ व ३ मिश्र ठेवा.

दोन राउटर, एकच मालक

नवा राउटर कंपनीच्या डब्याला जोडला की घरात उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते (आयपी) वाटणारे दोघं होतात. हॉलमधला टीव्ही एकाकडून पत्ता घेतो, लॅपटॉप दुसऱ्याकडून, आणि प्रिंटर सापडत नाही. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नेट बंदच. सोपा मार्ग: नव्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडा आणि कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करा. हा मोड नसेल तर आधी नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (कंपनीचा डबा १९२.१६८.१.१ वर आहे असं धरून), मग त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि मग वायर त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरची लाइन घ्यायच्या पोर्टला) न लावता लॅन पोर्टला लावा. क्रम पाळा. डीएचसीपी आधी बंद केलं तर सेटिंगचं पान पुन्हा उघडायला लॅपटॉपला हातानं पत्ता द्यावा लागतो.

सगळा कारभार स्वतःच्या राउटरकडे हवा असेल तर कंपनीला डबा ‘ब्रिज’ करून मागा, म्हणजे डबा नुसती लाइन पुढे देईल. बाहेरून घरचे कॅमेरे बघायचे असतील तर डब्याच्या पानावर वॅन पत्ता तपासा. तो १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल तर तुमची लाइन अनेक ग्राहकांसोबत एकाच पत्त्यामागे आहे. पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आत यायची वाट उघडणाऱ्या सेटिंगवर) कितीही डोकं लावलं तरी चालणार नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्या, किंवा कॅमेऱ्याच्या ॲपवर भागवा.

लाइट गेल्यावर आणि वीज कडाडल्यावर

घरात इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की नेट दोन मिनिटं जातं? इन्व्हर्टरवर बहुधा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असतं. ‘नॉर्मल’वर बॅटरीकडे वळायला लागणारा वेळ राउटरला झेपत नाही आणि तो रीस्टार्ट होतो. बटण ‘यूपीएस’वर ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी जुळवा, पिनची जाडी आणि मधली बाजू धन आहे का तेही बघा. ३० वॉट-अवरची बॅटरी १० वॉटच्या उपकरणाला कागदावर तीन तास देते, प्रत्यक्षात दोन-सव्वादोन. आणि ओएनटी, राउटर, स्विच या तिघांनाही बॅकअप हवा. एकटा राउटर चालू ठेवला तर मोबाइलवर वाय-फायची खूण दिसेल, नेट नसेल.

गच्चीवरच्या कॅमेऱ्याला किंवा अंगणापलीकडच्या दुसऱ्या घराला तांब्याची वायर नेणं मात्र धोक्याचं. अवकाळीच्या आणि मृगाच्या विजा जवळपास पडल्या तरी त्या लांब वायरीत दाब उसळतो आणि स्विच, राउटर, टीव्ही एका फटक्यात जातात. दोन इमारतींमध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन वायर जोडणारा डबा) लावा. एका धाग्यावर चालणारे घेत असाल तर ते ए आणि बी अशा जोडीतच घ्या, कारण एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि दुसरा १५५० वर. दोन्ही ए आणले तर जोडणी होत नाही. फायबरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती भिंतीपाशीच कापा, घरात घेऊ नका.